हातावरची सूज आणि क्षयाचं कोडं

क्षयाचा (टीबीचा) जंतू शरीरात शिरला आहे का, हे पाहणारी माँटू चाचणी ज्यांची झाली आहे, त्यांना ती आठवत असेल. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला बारीक सुई, कातडीवर टपोरलेला फुगवटा, भोवती बॉलपेनचं वर्तुळ आणि "परवा दाखवायला या." परवा सिस्टर बोटाने चाचपून पट्टी लावतात. लाली मोजायची नसते, घट्ट झालेला भाग मोजायचा असतो. क्षयाचा जंतू आणि आपली प्रतिकारशक्ती यांच्या नात्यावरचं बरंचसं संशोधन या काही मिलिमीटरांपासून सुरू झालं.

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये हा जंतू जगापुढे मांडला. 1890 मध्ये त्यांनी जंतूंचा अर्क, म्हणजे ट्युबरक्युलिन, औषध म्हणून पुढे आणला. औषध सपशेल फसलं. पण ज्याच्या शरीरात जंतू आधीच शिरलेला असतो, त्याला या अर्काची जोरदार प्रतिक्रिया येते हे कळलं. त्यातून 1907 मध्ये पिर्के यांची आणि 1908 मध्ये माँटू यांची चाचणी तयार झाली.

ही सूज आणतं कोण? मेरिल चेस यांनी 1940च्या दशकात गिनीपिगवर प्रयोग केले. ज्याला ट्युबरक्युलिनची सूज येते अशा प्राण्याचं रक्तद्रव दुसऱ्याला टोचून काही होईना. पेशी टोचल्यावर मात्र सूज उठली. तिथून लक्ष अँटिबॉडीवरून, म्हणजे रक्तद्रवातल्या संरक्षक प्रथिनांवरून, पेशींकडे वळलं. 1993 मध्ये इंटरफेरॉन गॅमा, म्हणजे टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) सोडतात ते एक प्रथिन, बनवू न शकणारे उंदीर क्षयाने झपाट्याने मरतात हे दिसलं. तेव्हा एचआयव्हीबाधितांमध्ये टी पेशी घटल्या की टीबी कसा उसळतो, हे डॉक्टर रोज पाहत होते. चित्र स्पष्ट वाटू लागलं: टी पेशी भक्कम, तर माणूस सुरक्षित.

पण या चित्राला आपल्याच देशातून तडा गेला होता, आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही याचं मला वाईट वाटतं. काल्मेट आणि गेराँ या फ्रेंच संशोधकांनी गाईच्या क्षयजंतूला पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर 13 वर्षं वाढवत, 230 वेळा पालट करून बीसीजी ही क्षयाची लस घडवली. 1968 मध्ये तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू भागात तिची प्रचंड चाचणी सुरू झाली. अडीच लाखांहून अधिक माणसांना लस किंवा, तुलनेसाठी, लस नसलेलं नुसतं द्रावण टोचलं. लस घेतलेल्यांच्या हातावर ट्युबरक्युलिनची सूज यायची, म्हणजे शरीराने प्रतिसाद दिला होता. तरीही 15 वर्षांच्या पाठपुराव्यात मोठ्यांना फुप्फुसाच्या टीबीपासून संरक्षण मिळालं नाही. तान्ह्या बाळांना मेंदूच्या टीबीपासून बीसीजी वाचवते, म्हणून ती आजही जन्मतः देतात. पण सूज म्हणजे संरक्षण नव्हे, हे त्या गावांतल्या लोकांनी हात पुढे केला म्हणून समजलं.

त्यानंतर प्रश्नच बदलला. जंतूभोवती पेशींची जी गाठ बनते, तिला पूर्वी कोंडवाडा मानत. बडोद्यात जन्मलेल्या संशोधक ललिता रामकृष्णन यांनी पारदर्शक झेब्राफिश या छोट्या माशामध्ये पाहिलं, तर गाठीत येणाऱ्या नव्या पेशीच जंतूला पसरायला वाहन देत होत्या. प्रतिसाद कमी पडला तरी घात, जास्त झाला तरी फुप्फुस पोखरतं.

लसींचा शोधही याच वळणावर आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची व्हीपीएम1002 ही सुधारलेली बीसीजी भारतातल्या मोठ्या चाचणीत तपासली गेली. आफ्रिकेत एम72 या लसीने, आधीच जंतू असलेल्या प्रौढांमध्ये, फुप्फुसाचा टीबी साधारण निम्म्यावर आणला. रक्तात प्रतिसाद मात्र जवळपास सगळ्यांच्याच उठला होता. त्या लसीची पुढची, मोठी चाचणी 2024 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली आहे.