पाच यार्ड द्या, चार सेकंद घ्या

१२ ऑक्टोबर २०२४. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं युजीन शहर, ऑटझन स्टेडियम. कॉलेज फुटबॉलमधले दोन तगडे संघ समोरासमोर. ओरेगन ३२-३१ असा एका गुणाने पुढे, घड्याळात १० सेकंद शिल्लक आणि चेंडू ओहायो स्टेटकडे. अजून थोडं अंतर कापून फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेने चेंडू गोलच्या खांबांमधून पाठवला, की तीन गुण, आणि सामना त्यांचा.

चेंडू खेळात आला तेव्हा ओरेगनचे ११ ऐवजी १२ खेळाडू मैदानात होते. पास कुणाच्याच हाती लागला नाही. पंचांनी दंड दिला आणि ओहायो स्टेटला ५ यार्ड, म्हणजे साधारण साडेचार मीटर, फुकट मिळाले. पण त्या चालीत गेलेले ४ सेकंद कुणी परत दिले नाहीत. उरलेल्या ६ सेकंदांत त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा मुख्य खेळाडू, चेंडू घेऊन पळाला, जमिनीवर घसरला आणि तेवढ्यात वेळ संपली. पुढच्या काही दिवसांत ओरेगनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी, अशा प्रसंगाचा सराव आम्ही केलेला होता, असं सूचित केलं. म्हणजे तो बारावा खेळाडू चुकून आला नव्हता.

ही घटना मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात नियमांच्या रचनेचा एक मूलभूत प्रश्न आहे. गुन्हा सेकंदांत केला आणि दंड यार्डांत भरला, तर हिशेब जुळेल का?

त्यासाठी आधी अमेरिकन फुटबॉलचं घड्याळ समजून घ्यावं लागेल. सामना ६० मिनिटांचा, पण चेंडू प्रत्यक्ष हलतो तो जेमतेम ११ मिनिटांच्या आसपास. बाकीचा वेळ दोन चालींच्या मध्ये जातो. चेंडू घेतलेला खेळाडू मैदानाच्या आत पाडला गेला, तर घड्याळ चालूच राहतं आणि व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, संघाला पुढची चाल सुरू करायला ४० सेकंद मिळतात. पास खाली पडला तर घड्याळ थांबतं. शिवाय सामन्याच्या प्रत्येक अर्ध्यात दोन्ही संघांना तीन-तीन टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवायच्या संधी. पुढे असलेल्या संघाला म्हणूनच घड्याळ पळवायचं असतं आणि मागे असलेल्याला ते अडवायचं असतं. कबड्डीत शेवटच्या मिनिटांत आघाडीवरचा चढाईपटू निदानरेषा ओलांडून ३० सेकंद पुरेपूर वापरतो आणि रिकाम्या हाताने परत येतो, तसंच हे. कबड्डीत दोन रिकाम्या चढायांनंतर तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, या नियमाने त्या वेळकाढूपणाला लगाम बसतो. फुटबॉलमध्ये असा एकच लगाम नाही. तिथे लहान-लहान नियमांची जाळी आहे, आणि जाळीला भोकं असतातच.

सगळ्यात साधा आणि पूर्ण कायदेशीर उपाय म्हणजे गुडघा टेकणे. क्वार्टरबॅक चेंडू घेतो, जागेवरच गुडघा टेकवतो, चाल संपते, घड्याळ मात्र पळत राहतं. प्रतिस्पर्ध्याकडे टाइमआउट नसतील तर तीन वेळा गुडघा टेकून सुमारे दोन मिनिटं सहज संपवता येतात. आज हे प्रत्येक संघ डोळे मिटून करतो, पण ती सवय एका दुर्घटनेने लावली. १९ नोव्हेंबर १९७८ रोजी न्यूयॉर्क जायंट्स १७-१२ ने पुढे होते, शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं आणि फिलाडेल्फिया ईगल्सकडे एकही टाइमआउट नव्हता. गुडघा टेकला असता तर सामना संपला असता. जायंट्सनी चेंडू सोबत्याच्या हातात द्यायची चाल खेळली, चेंडू निसटला, ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने तो उचलला आणि थेट गोलक्षेत्रात नेऊन टचडाउन केला. ईगल्स १९-१७ ने जिंकले. दुसऱ्याच दिवशी जायंट्सच्या आक्रमणाच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली.

आता गणिताकडे. कोणत्याही क्षणी सामन्याची स्थिती चार-पाच आकड्यांत सांगता येते: गुणांचा फरक, उरलेला वेळ, चेंडूची जागा, दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा प्रयत्न, दोघांचे टाइमआउट. अशा प्रत्येक स्थितीला जिंकण्याची एक शक्यता जोडता येते. हिशेब शेवटाकडून सुरू करायचा. शून्य सेकंदाला निकाल माहीतच असतो; एक चाल मागे या, मग आणखी एक. संख्याशास्त्रज्ञ याला उलट्या दिशेने केलेलं गणित म्हणतात. या खेळाचा असा आकडेवारीने अभ्यास जुना आहे. १९७१ मध्ये व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकोल यांनी मैदानाच्या प्रत्येक भागातून सरासरी किती गुणांची अपेक्षा धरावी, हे मोजून दाखवलं. यातला कार्टर स्वतः व्यावसायिक क्वार्टरबॅक होता!

या गणितातून दिसतं की यार्डाची किंमत कायम एकच नसते. पहिल्या मिनिटाला ५ यार्ड म्हणजे थोडंसं नुकसान, आणि त्यावेळी ४ सेकंदांना काहीच भाव नसतो. शेवटच्या १० सेकंदांत सगळं उलटं होतं. यार्ड आणि सेकंद ही जणू दोन चलनं आहेत आणि त्यांच्यातला विनिमय दर प्रत्येक चालीगणिक बदलतो. दंडाचा दर मात्र नियमपुस्तकात छापलेला, कायमचा. पळवाट इथेच जन्माला येते.

गुणांचीसुद्धा हीच गत होते. ५ फेब्रुवारी २०१२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, जायंट्स १५-१७ ने मागे होते, पण चेंडू न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या गोलरेषेजवळ नेलेला होता. वेळ काढून शेवटी अगदी जवळून फील्ड गोल मारायचा, एवढंच करायचं होतं. पेट्रियट्सकडे एकच टाइमआउट उरला होता. म्हणून त्यांनी जायंट्सच्या अहमद ब्रॅडशॉला वाट मोकळी करून दिली. टचडाउनचे सहा गुण जाऊ द्या, पण आपल्याला खेळायला वेळ हवा! ब्रॅडशॉच्या ते लक्षात आलं, तो रेषेवर थबकला, पण वेग आवरला नाही आणि तो गोलक्षेत्रात चक्क बसला. ५७ सेकंद उरले. खेळाडूने गुण टाळायचा प्रयत्न करावा आणि ते गणिताने बरोबर असावं, असा क्षण कुठल्याही खेळात विरळाच.

त्याच सामन्याच्या अखेरीस बारा खेळाडूंचा प्रसंगही घडला होता. १७ सेकंद उरले असताना जायंट्सचे बारा जण मैदानात होते, पास वाया गेला, ५ यार्डांचा दंड झाला आणि घड्याळात ९ सेकंद राहिले. जायंट्स २१-१७ ने जिंकले. एनएफएलने त्याच वर्षी नियम बदलला: बचावाकडे जादा खेळाडू दिसला की चाल सुरूच होऊ द्यायची नाही, आधी शिट्टी. कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र अशी चाल पुढे जाऊ शकत होती आणि बारा वर्षांनी ओरेगनला तेच भोक उघडं सापडलं.

दंडाची किंमत होऊन बसणं ही फक्त खेळाची गोष्ट नाही. उरी निझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांचा अभ्यास केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतल्या सहा ठिकाणी छोटा दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला. आधी उशीर झाला की शिक्षिकेसमोर ओशाळायला व्हायचं. आता पैसे भरले की मोकळे. दंड काढून टाकल्यावरही उशीर कमी झाला नाही. मैदानावरचा प्रशिक्षक त्या पालकांसारखाच विचार करतो: किती पडतील, आणि परवडतील का?

पेट्रियट्सचे तेव्हाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी हा हिशेब सगळ्यांसमोर मांडला. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध मोठ्या आघाडीवर असताना त्यांच्या पेट्रियट्सनी पंटच्या आधी, म्हणजे लाथेने चेंडू दूर टोलवण्याआधी, मुद्दाम फाउल केले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे, शेवटची पाच मिनिटं सुरू होण्यापूर्वी असा फाउल झाला की दंड मोजून घड्याळ पुन्हा चालू व्हायचं आणि चाल सुरू करायला आणखी २५ सेकंद मिळायचे. पंट करायचाच असेल तर ५ यार्ड मागे जाण्याने फारसं बिघडत नाही. म्हणजे जवळजवळ फुकटात २५ सेकंद. ही फट बहुधा बुजवायला हवी, असं त्यांनी स्वतःच सामन्यानंतर म्हटलं.

फट बुजण्याआधी ४ जानेवारी २०२० उजाडला. प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, टेनेसी टायटन्स पेट्रियट्सविरुद्ध १४-१३ ने पुढे होते, सात मिनिटांहून थोडा कमी वेळ उरला होता आणि त्यांचे प्रशिक्षक माइक व्रेबल, बेलिचिक यांच्याच हाताखाली घडलेले, पंटसाठी संघ उभा करून स्वस्थ राहिले. आधी उशिराचा फाउल, मग चालीआधी हलल्याचा फाउल, मग वैतागलेल्या पेट्रियट्सचाच एक फाउल. पंट होईपर्यंत सुमारे पावणेदोन मिनिटं संपली होती. बेलिचिक रेषेबाहेर उभे राहून पंचांवर संतापले होते. टायटन्स २०-१३ ने जिंकले आणि क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा पेट्रियट्ससाठीचा शेवटचा पास त्या रात्री प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला. त्याच वर्षी लीगने वारंवार फाउल करून घड्याळ पळवण्याची ही वाट बंद केली.

असे नियम कसे दुरुस्त होतात ते पाहण्यासारखं आहे. २००६ मध्ये कॉलेज फुटबॉलने सामने आटोपशीर व्हावेत म्हणून किकऑफला, म्हणजे लाथेने चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे देऊन खेळ सुरू करताना, चेंडूला लाथ बसताच घड्याळ सुरू करायचं ठरवलं. विस्कॉन्सिनने पेन स्टेटविरुद्ध मध्यंतराआधीच्या २३ सेकंदांत किकऑफला मुद्दाम ऑफसाइड जाऊन, म्हणजे लाथ बसण्याआधीच रेषा ओलांडून, किक पुन्हा घ्यायला लावली आणि बराचसा वेळ संपवला. पुढच्या हंगामात तो नियम गेला. इथे नियम रद्द झाला, पण जास्त टिकाऊ दुरुस्ती वेगळी असते: जे चोरलं तेच परत करायला लावणं. ओरेगनच्या सामन्यानंतर आठवडाभरातच कॉलेज फुटबॉलच्या नियमसमितीने खुलासा काढला. शेवटच्या दोन मिनिटांत बचावाने जादा खेळाडू उतरवला, तर ५ यार्ड तर मिळतीलच, आणि अन्याय झालेल्या संघाने मागितलं तर घड्याळही चालीच्या सुरुवातीला होतं तिथे नेलं जाईल. सेकंदांची भरपाई सेकंदांत!

एनएफएलनेही २०१७ मध्ये हेच केलं, बाल्टिमोर रेव्हन्समुळे. ३ फेब्रुवारी २०१३ च्या सुपर बोलमध्ये रेव्हन्स ३४-२९ ने पुढे होते आणि १२ सेकंद उरले होते. त्यांचा पंटर सॅम कुक आपल्याच गोलक्षेत्रात चेंडू घेऊन फिरत राहिला, सोबत्यांनी प्रतिस्पर्ध्यांना उघडउघड धरून ठेवलं, आणि आपल्याच गोलक्षेत्रात चाल संपली की प्रतिस्पर्ध्याला मिळणारे दोन गुण सोडून रेव्हन्सनी ८ सेकंद विकत घेतले. नोव्हेंबर २०१६ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध ११ सेकंद उरले असताना त्याच कुकने तेच पुन्हा केलं, आणि यावेळी घड्याळ शून्यावर गेलं. आता घड्याळासाठी एकाच चालीत अनेकांनी फाउल केले तर १५ यार्डांचा दंड होतो आणि वेळ परत मिळतो. गोलक्षेत्रात चेंडू घेऊन पळत राहायला मात्र आजही बंदी नाही. पंटरने ते एकट्याने, कुणीही कुणाला न धरता करायचं, एवढंच.