फुंकणीच्या बाणाला रॉकेट म्हणणं बंद करा

२८ फेब्रुवारी जवळ आला की पुण्यातल्या शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनं भरतात, आणि त्यातलं एक टेबल ठरलेलं असतं. स्ट्रॉवर कागदाची टोकदार नळी. फू केलं की ती समोरच्या आजोबांच्या चष्म्यावर. मागे तक्ता: ‘रॉकेट: न्यूटनचा तिसरा नियम’, म्हणजे प्रत्येक क्रियेला तेवढीच उलटी प्रतिक्रिया. मागे एका शाळेत मी विचारलं, “प्रतिक्रिया कोणावर होते रे?” मुलाने बाईंकडे पाहिलं, बाईंनी तक्त्याकडे.

हा बाण तुम्ही लहानपणी केलेला आहे, कृती सांगत बसत नाही. खरं रॉकेट बघायचं तर पाण्याचं करा. ते म्हणजे दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली (साध्या पाण्याची पातळ बाटली नको, ती फुटते), त्यात एक तृतीयांश पाणी, तोंडात घट्ट रबरी बूच आणि बुचातून आरपार सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह पंक्चरवाला जुन्या ट्यूबसकट फुकट देतो. बूच बोहरी आळीत शोधा. बाटली उलटी उभी करायची आणि लांब नळीचा पंप मारायचा. बूच कधी सुटेल ते बूचच ठरवतं, त्यामुळे वर वाकून बघायचं नाही.

एक कोरडं, एक ओलं. एक खोलीत चालतं, दुसऱ्याला मैदान लागतं. पंख दोन्हीला, आणि ते मागेच. नाकावर पंख लावून वर तिरंगा रंगवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

खरा घोळ वेगळाच आहे. फुंकणीचा बाण ही बंदुकीची गोळी आहे. ढकलणारी हवा तुमच्या छातीतली. बाण स्ट्रॉवर आहे तोवरच काय तो रेटा, सुटला की संपला. तिसरा नियम तिथेही लागू आहे, पण जोडी कोणाची? बाण पुढे जातो, उलटा धक्का हवेतून तुम्हाला बसतो. बाण ग्रॅमभराचा आणि तुम्ही पन्नास-साठ किलोंचे, म्हणून तो जाणवत नाही. रॉकेट मात्र फेकायचा माल स्वतःच्या पोटात घेऊन निघतं. बाटली पाण्याला खाली फेकते, पाणी बाटलीला वर ढकलतं. जोडीदार बरोबरच असल्यामुळे जमीन सुटल्यावरही रेटा चालू राहतो.

पटत नसेल तर मोबाईलवर स्लो-मोशनमध्ये चित्रण करा. बाणाचा वेग स्ट्रॉ सोडताना सर्वांत जास्त, मग नुसती उतरण. बाटलीचा वेग बूच सुटल्यावरही वाढत राहतो, पाणी संपेपर्यंत. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकतं, म्हणून नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात.

“पाणी जमिनीवर आपटतं म्हणून बाटली उडते” हे ऐकलं की माझं डोकं उठतं. अर्थात, ही चूक करणारे मोठमोठे आहेत. १९२० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांची खिल्ली उडवली होती, की रेटा द्यायला काहीच नसलेल्या निर्वातात रॉकेट कसं चालेल? दुरुस्ती छापली १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. पण उलट टोकाला जाऊन “निर्वातात उडतं तेच रॉकेट” असंही म्हणू नका. तोफगोळा निर्वातातही सुटतोच. प्रश्न माल कोण वाहतं, हा आहे.

मग पाणीच कशाला, हवा नाही चालणार? चालते, कोरडी बाटलीही उडते, आणि तीही रॉकेटच. पण चाळीस पीएसआय (पंपावरचं दाबाचं माप) होईपर्यंत पंप मारला तरी दोन लिटरच्या बाटलीत हवा भरते जेमतेम दहा ग्रॅम, आणि पाणी असतं सहाशे-सातशे ग्रॅम. हवा ही दाबलेली स्प्रिंग आहे. फेकायला वजनदार काहीतरी हवं.

हे ऐकून माझी भाची म्हणाली, “मामा, मग बाटली गळ्यापर्यंत भरू या ना, जास्त माल!” मी म्हटलं, भर. दोन-तीनदा पंप दाबला तोच बूच सुटलं, बाटली हातभर उडाली आणि सगळं पाणी पायांवर सांडून आडवी झाली. स्प्रिंगला जागाच ठेवली नव्हती. तिने मार्कर मागून घेतला, बाटलीवर एक तृतीयांश, अर्धा, दोन तृतीयांश अशा रेघा मारल्या आणि पंप माझ्या हातात दिला. पहिल्या रेघेची बाटली कडुनिंबाच्या वर गेली. बाकीच्या दोन रेघांची पाळी आली नाही, कारण ती अजून झाडातच आहे.