जुना गेम, नवा टीव्ही : जोडणी कशी लावायची

(राजारामपुरीतल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानाकडून, ग्राहकांच्या माहितीसाठी)

नवरात्राच्या आधी घरं आवरायला निघाली की आमच्या काउंटरवर पिशव्या यायला लागतात. पिशवीत माळ्यावर सापडलेला टीव्ही गेम, दोन रिमोट, थोड्या कॅसेटी आणि सोबत ठरलेली मागणी : "नव्या टीव्हीला लागंना, कन्व्हर्टर द्या." कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या मशीनचं चित्र नव्या टीव्हीला चालेल असं करून देणारी डबी, आम्ही विकतो. पण पुष्कळदा त्याची गरजच नसते. घरात पडलेली एखादी वायर पुरते. म्हणून काही विकत घ्यायच्या आधी दोनच गोष्टी बघा : मशीनच्या मागे कुठली पिन आहे आणि टीव्हीच्या मागे कुठलं भोक आहे.

त्याआधी अ‍ॅडॉप्टर

मूळ अ‍ॅडॉप्टर हरवलेला असतो आणि घरातला दुसरा कुठला तरी "पिन बसतोय की" म्हणून लावला जातो. पिन बसली म्हणजे करंट जुळला असं होत नाही. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हला पिनच्या आत मायनस लागतो, दुसऱ्याला आत प्लस. एकाच कंपनीचं एकाच नावाचं मशीन, तरी उलटं. अमेरिकेतल्या पाहुण्यांनी आणलेलं मशीन असेल तर ते १२० व्होल्टचं असण्याची शक्यता मोठी, जपानचं असेल तर १०० व्होल्टचं. आपल्या २३० वर ते थेट लावलं की वास येतो आणि विषय संपतो. खालचं लेबल वाचा. लेबल पुसलं असेल तर आमच्याकडे आणा, मीटर लावून सांगतो.

२०१९ किंवा २०२१ च्या महापुरात पाणी लागलेलं मशीन कितीही वाळलेलं दिसलं तरी चालू करून बघू नका. आतला गाळ आधी काढावा लागतो.

अँटेनाच्या पिनवाले गेम

निन्टेन्डोचं फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे वेगवेगळ्या नावांनी मिळालेले बहुतेक टीव्ही गेम म्हणजे त्याचीच नक्कल. त्यांतल्या पुष्कळांना एकच वायर असते, टीव्हीच्या अँटेनात जाणारी. म्हणजे गेम स्वतःच एक छोटं चॅनेल सोडतो आणि टीव्हीनं ते शोधायचं असतं.

नव्या टीव्हीला गोल अँटेना पिन बहुधा असते. मेनूत एटीव्ही किंवा अ‍ॅनालॉग असा पर्याय दिसला तर काम होण्यासारखं आहे. कॅसेट घालून गेम चालू ठेवा आणि मगच सर्च लावा. मशीन बंद असेल तर सापडणार काय? ऑटो सर्च अशक्त सिग्नल सोडून पुढं जातो, म्हणून मॅन्युअल सर्च घ्या आणि खालच्या व्हीएचएफ चॅनेलांपासून सावकाश वर या.

चित्र आलं पण आवाज नाही, ही तक्रार नेहमीची. चित्र नीट आहे म्हणून लोक टीव्हीचा स्पीकर गेला समजतात. खरं कारण साधं आहे. आपल्याकडच्या पद्धतीत आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असतो, चीनमधल्या पद्धतीत ६.५ वर, आणि यांतली बरीच मशीनं चीनमध्ये बनलेली. त्याच मॅन्युअल सर्चच्या पानावर साउंड सिस्टिम 'बीजी'वरून 'डीके'वर करा.

एवढं करूनही चित्रात मुंग्या असतील तर आणखी एक उपाय आहे. मशीनच्या आत एक पत्र्याची छोटी डबी असते, जी चित्र आणि आवाज एकत्र करून अँटेनाच्या वायरीत घालते. आम्ही त्या डबीच्या आधीच चित्र आणि आवाज वेगवेगळे बाहेर काढून पिवळी-पांढरी पिन बसवून देतो. हे काम आम्हाला मनापासून पटतं. फरक डोळ्यांना लगेच कळतो. मात्र मूळ जपानी फॅमिकॉम असेल तर त्याला असं भोक पाडण्याआधी विचार करा; ती आता जपून ठेवायची वस्तू आहे.

पिवळी, पांढरी, लाल

मशीनला या पिना आहेत पण टीव्हीला ती भोकं दिसत नाहीत, असं झालं तर टीव्हीच्या मागे 'एव्ही इन' लिहिलेलं हेडफोनसारखं बारीक भोक शोधा. त्यात जाणारी छोटी वायर टीव्हीच्या खोक्यात आलेली असते. खोकं रद्दीत गेलं असेल तर बाजारात मिळते, पण इथं एक ग्यानबाची मेख आहे : सगळ्या वायरी दिसायला सारख्या, आतली जोडणी वेगळी. जुन्या हँडीकॅमची वायर लावली की चित्राऐवजी गुरगुर ऐकू येते. तिन्ही पिना आपसांत बदलून बघा, कधी कधी तेवढ्यानंच जमतं. नाहीच जमलं तर अर्थिंगची रिंग वेगळ्या जागी आहे, दुसरी वायर घ्या.

काही टीव्हींना हिरवं, निळं, लाल अशी भोकं असतात आणि पिवळं नसतं. तिथं पिवळी पिन हिरव्यात जाते. चित्र ब्लॅक अँड व्हाइट आलं तर घाबरू नका, सोर्समध्ये 'कॉम्पोनंट' ऐवजी 'एव्ही' निवडा. जुन्या गेमचा आवाज एकाच पिनमधून येतो, त्यामुळे एकाच स्पीकरमधून ऐकू येणं हा बिघाड नाही.

पीएस २ (प्लेस्टेशन २) वाल्यांसाठी वेगळं सांगणं : कॉम्पोनंट केबल (हिरव्या, निळ्या, लाल पिनांची) घेतलीत तर चित्र पिवळ्या पिनपेक्षा खूपच स्वच्छ येतं. फक्त आधी पिवळी पिन लावून सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जा आणि कॉम्पोनंट व्हिडिओ आउट 'आरजीबी'वरून दुसऱ्या पर्यायावर ठेवा, नाहीतर रंग चुकीचे दिसतील. पीएस ३ ला एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच चपट्या पिनमधून नेणारी नवी जोडणी) आहेच. ते लावूनही पडदा काळा राहिला तर मशीन बंद करून पॉवरचं बटण दुसरा बीप येईपर्यंत दाबून धरा.

कन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर

बाजारात दोन डब्या मिळतात, रंगरूप एकच. एक एव्हीचं (म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचं) एचडीएमआय करते, दुसरी एचडीएमआयचं एव्ही. तुम्हाला पहिली हवी. ऑनलाइन मागवताना लोक हमखास दुसरी मागवतात आणि मग "पीस डिफेक्टिव्ह आहे" म्हणून आमच्याकडे येतात. डबीला यूएसबीचा करंट द्यावा लागतो, तो टीव्हीऐवजी मोबाइलच्या चार्जरमधून द्या.

स्वस्त डबीकडून फार अपेक्षा ठेवू नका. जुने गेम २४० ओळींचं पूर्ण चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवतात (मशीन 'पाल' या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचं असेल तर ५० वेळा). नव्या टीव्हीला आणि स्वस्त डबीला वाटतं की ही ४८० ओळींच्या चित्राची अर्धी-अर्धी फाळकी आहेत, म्हणून ती दोन-दोन जोडत बसतात. मार बसल्यावर तुमचा खेळाडू लुकलुकतो ना, तो एका चित्रात असतो आणि पुढच्यात नसतो. जोडकामात तो कधी पूर्ण गायब होतो, कधी आडव्या पट्ट्यांचा दिसतो. मशीन बिघडलेलं नसतं. ओळी नीट ओळखून दुप्पट करणारी ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखी यंत्रं आहेत, चित्र अप्रतिम देतात, पण परदेशातून मागवावी लागतात. वर्षातून चार दिवस सुट्टीत खेळायचं असेल तर ती घेऊ नका, असं आम्ही दुकानदार असूनही सांगतो.

बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते ही तक्रारही टीव्हीचीच. चित्र सजवण्यात तो वेळ घालवतो. तीन चित्रांचा उशीर म्हणजे ५० मिलिसेकंद, आणि तेवढ्यात खड्ड्यात पडायला होतं. पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम' मोड लावा. त्याच पानावर चित्राचा आकार ४:३ करा, म्हणजे माणसं बुटकी आणि रुंद दिसणार नाहीत.

बंदूक

बदकं मारायची बंदूक एलईडी टीव्हीवर चालत नाही. १९८४ च्या डक हंटमध्ये ट्रिगर ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो; बंदुकीतला सेन्सर नेमका त्याच क्षणी उजेड शोधतो. नवा टीव्ही तो चौकोन उशिरा दाखवतो, त्यामुळे नेम कितीही धरला तरी फुकट. कन्व्हर्टर बदलून यात काही फरक पडत नाही. घरात जुना, काचेच्या नळीचा डबा टीव्ही असेल तर भंगारात घालू नका, एवढाच उपाय.

दुकानात येताना

मशीन, अ‍ॅडॉप्टर आणि निदान एक कॅसेट आणा. कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारू नका. थुंकीच्या ओलाव्यानं आणि आपल्या पावसाळी हवेनं पिनांवर हिरवट थर चढतो. आम्ही तो आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. टीव्ही उचलून आणायची गरज नाही, मागच्या भोकांचा आणि मॉडेल नंबरच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून आणा. दुकानात एक डबा टीव्ही कायम चालू असतो, त्यावर तुमच्यासमोर गेम लावून मशीन ठीक आहे का ते आधी बघतो आणि मगच वायरीचं बोलतो. सोमवारी दुकान बंद असतं.