किडनीतला नळ आणि आत्याची कॉफी

माझ्या आत्याने दुपारची कॉफी सोडली. चारच्या ठोक्याला दुधाची कॉफी, वर किसणीवर दोनदा घासलेलं जायफळ, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. तो मोडला मोबाइलवर आलेल्या एका निरोपाने: ‘कॉफी किडनी सुकवते.’ तिचे रिपोर्ट मी पाहिले. क्रिएटिनिन (रक्तातला जो कचरा किडनी बाहेर टाकते) ०.९, म्हणजे ठीक, लघवीत प्रथिन नाही, रक्तदाब बरा. तरी कॉफी बंदच.

या समजुतीमागचा तर्क असा असतो: कॉफी घेतली की लघवीला लागते, म्हणजे अंगातलं पाणी जातं, म्हणजे किडनीवर ताण पडतो. यातली पहिली पायरी खरी आहे. ती का खरी आहे हे सांगायचा मोह मला आवरत नाही, कारण किडनीतली ही रचना मला निसर्गातल्या सर्वात देखण्या रचनांपैकी एक वाटते.

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. शाळेच्या पुस्तकातली ती वळणावळणाची नळी आठवा. सुरुवातीला केशवाहिन्यांचा गुंता, तिथे रक्त गाळलं जातं. पुढे नळीभर प्रवास करताना गाळलेल्या पाण्यातलं कामाचं जवळजवळ सगळं पुन्हा रक्तात ओढून घेतलं जातं. दिवसाला १८० लिटर गाळायचं आणि बाहेर टाकायचं जेमतेम दीड लिटर.

पुस्तकातल्या चित्रात एक गोष्ट मात्र सहसा निसटते. ही नळी खाली उतरते, आकड्यासारखी वळते, वर येते आणि बरोबर आपल्याच गुंत्यापाशी जाऊन रक्त आत आणणाऱ्या धमनिकेला, म्हणजे बारीक धमनीला, खेटते. शेजारच्या नेफ्रॉनच्या नव्हे, स्वतःच्याच. जिथे खेटते तिथे मोजक्या पेशींचा एक दाट ठिपका असतो, मॅक्युला डेन्सा. या पेशी समोरून वाहणाऱ्या पाण्यातलं मीठ चाखतात. मीठ जास्त लागलं, तर त्याचा अर्थ पाणी फार वेगाने गाळलं जातंय, मीठ परत घ्यायला नळीला वेळ मिळत नाहीये. मग या पेशी एटीपी नावाचा रेणू सोडतात, त्याचं ॲडेनोसिन होतं, ते शेजारच्या धमनिकेच्या ए-१ ग्राहींवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या कुलपांवर, बसतं आणि धमनिका आकसते. नळ थोडा बंद होतो, गाळणं मंदावतं. गंमत अशी की शरीरात इतरत्र, उदाहरणार्थ हृदयाच्या रक्तवाहिन्यांत, हेच ॲडेनोसिन वाहिन्या रुंद करतं. किडनीच्या या दारात मात्र ते उलटं वागतं.

कॅफीनचा रेणू ॲडेनोसिनसारखा दिसतो. कुलपात शिरणारी, पण न फिरणारी किल्लीच म्हणा. मेंदूत ते ॲडेनोसिनची जागा अडवतं म्हणून झोप उडते. किडनीत अडवतं तेव्हा नळाचा ब्रेक ढिला पडतो. शिवाय नळीच्या सुरुवातीच्या भागात सोडियम परत घ्यायलाही ॲडेनोसिनची मदत लागते. ती तुटली की सोडियम नळीतच राहतं आणि पाण्याला सोबत घेऊन जातं. म्हणून लघवी.

पण रोज पिणाऱ्याचं शरीर याला सरावतं. २०१४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफीची सवय असलेल्या ५० पुरुषांना तीन दिवस रोज चार कप कॉफी दिली आणि दुसऱ्या खेपेला तेवढंच पाणी. दोन्ही वेळा अंगातल्या पाण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा ‘सुकवते’ हा शब्द इथेच गळून पडतो.

दीर्घकाळाचं काय? अमेरिकेतल्या ‘एरिक’ या पाहणीत १४ हजारांहून अधिक मध्यमवयीन माणसांवर साधारण २४ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. रोज तीन किंवा जास्त कप पिणाऱ्यांत दीर्घकालीन किडनीविकाराचा धोका अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा सुमारे १६ टक्के कमी दिसला. ही निरीक्षणं आहेत. कॉफीनेच किडनी वाचवली असं यातून सिद्ध होत नाही. म्हणून ‘किडनीसाठी कॉफी प्या’ म्हणणाऱ्यांचंही मी ऐकत नाही. आणि ‘किडनी डिटॉक्स’ विकणाऱ्यांचं तर मुळीच नाही: ग्लासच्या ग्लास पालकाचा रस पिऊन ऑक्झलेटने किडनी निकामी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

खरी खाचखळग्याची जागा यकृतात आहे. कॅफीनचा निचरा सीवायपी१ए२ नावाचं विकर (एन्झाइम) करतं आणि जनुकाच्या फरकामुळे काहींत ते सावकाश चालतं. इटलीत सौम्य रक्तदाब असलेल्या तरुण रुग्णांच्या पाहणीत (निष्कर्ष २०२३ साली आले) अशा सावकाश गटातल्या, दिवसाला तीनपेक्षा जास्त कप पिणाऱ्यांत लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाण्याची शक्यता कमी पिणाऱ्यांच्या जवळपास पावणेतीनपट दिसली. वेगवान गटात हा फरक नव्हता. मला हे त्या नळाशी जोडून पाहावंसं वाटतं: ब्रेक तासन् तास ढिला राहिला, तर गाळणीवर दाब वाढणारच. रक्तदाब असलेल्याने दोन-तीन कपांवर थांबावं, हे मला यावरून पटतं. किडनीविकार पुढे गेलेल्यांचा हिशेब आणखी वेगळा. त्यांच्या कपातलं दूध, पोटॅशियम आणि पाणी, तिन्ही मोजावं लागतं, ते डॉक्टरांना विचारूनच.

हे सगळं आत्याला सांगत असताना तिने फ्रिजवरचा डबा काढून गुडघेदुखीची गोळी घेतली. डायक्लोफेनॅक. रोज एक, दीड वर्षं, दुकानातून परस्पर आणलेली. तोच नळ, बरं का! वयस्क माणसात, किंवा अंगातलं पाणी कमी झालं असता, ती धमनिका उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातलीच रसायनं करतात आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमकी त्यांचीच निर्मिती रोखतात. नळ आवळला जातो, गाळणीला रक्त कमी पडतं.

डबा मी उचलून खिशात घातला, दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरांना दाखवायला. आणि जायफळ कुठे ठेवलंय ते विचारलं.