रुमालाखालचा भाव

गुरांच्या बाजारात दलाल गिऱ्हाइकाचा हात धरतो, वर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकतो आणि बोटं दाबून भाव सांगतो. भोवती माणसं उभी असतात, पण आकडा कुणालाच कळत नाही. या पद्धतीला बाजारात 'हत्ता' म्हणतात.

ती फार जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन प्रवासी व्हार्तेमाने कालिकतच्या दलालांना कापडाखाली बोटं धरून भाव करताना पाहिलं. सतराव्या शतकात हिरेव्यापारी टॅव्हर्नियरने दख्खनच्या हिरेखाणींवरची ही सांकेतिक भाषा तपशिलात लिहून ठेवली. अख्खा हात धरला तर हजार, आणि जितक्या वेळा दाबला तितके हजार. पाच बोटं धरली तर पाचशे, एक बोट शंभर, मधल्या पेरापर्यंत अर्धं बोट पन्नास, टोकाचं पेर दहा. तोंडातून शब्द नाही, डोळ्यांची हालचालही नाही. एकाच दालनात तोच माल पाच-सहा वेळा विकला गेला, तरी शेजाऱ्याला भावाचा पत्ता लागत नसे.

खुणा सगळीकडे सारख्या नव्हत्या. शिवाय एक बोट म्हणजे शंभर की हजार, हे मालावरूनच ओळखायचं. गायीच्या सौद्यात जे आपोआप कळतं, ते नवख्याला हिऱ्याच्या सौद्यात महागात पडेल! चेहरा मात्र कोरा ठेवावाच लागतो. भुवई उंचावली की पुढची बोली तिथेच अडते.

व्यापाऱ्याला सोयीची हीच गुप्तता शेतकऱ्याला नडली. शेतमाल अडत्यामार्फत, म्हणजे कमिशन घेऊन माल विकून देणाऱ्या दलालामार्फत, विकताना हात अडत्याचा आणि खरेदीदाराचा; माल ज्याचा, तो बाजूला. सर्वांत चढी बोली किती होती, याचा पुरावाच राहत नाही. अडत्याने कमी भाव सांगितला तर पकडणार कसा?

वऱ्हाडात 1897 साली कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला. 1928 साली शाही कृषी आयोगाने नियंत्रित, म्हणजे ठरलेल्या नियमांनी चालणाऱ्या, बाजारांची शिफारस केली. पुढे महाराष्ट्राचा 1963 चा बाजार समिती कायदा आला आणि उघड लिलाव हा नियम ठरला. तरी हापूसच्या मोसमात फळबाजारात रुमाल निघाल्याच्या तक्रारी होत राहिल्या. गुरांच्या बाजारातून तर तो कधी गेलाच नाही.