व्हॉल्व्ह स्प्रिंग का तुटते : रेसिंग इंजिनांमागची पार्श्वभूमी

इंजिनातली व्हॉल्व्ह म्हणजे झडप मिटवणारी, वेटोळ्या तारेची स्प्रिंग ती व्हॉल्व्ह स्प्रिंग. तुटलेली अशी स्प्रिंग भिंगाखाली धरून पाहा. ती पिळाने तुटलेली असते, म्हणून तडा तारेत साधारण 45 अंशांत तिरका गेलेला दिसतो. त्याच्या उगमाशी बऱ्याचदा एक बारीकसा कण सापडतो, पोलाद ओततानाच आत अडकून राहिलेला. इंजिनांचा वेग वाढवण्याच्या धडपडीत असल्या कणांनी जितका त्रास दिला, तितका क्वचितच कशाने दिला असेल.

कॅम म्हणजे उंचवटे, ते व्हॉल्व्ह ढकलून उघडतात. ते असलेला दांडा, कॅमशाफ्ट, क्रँकच्या म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे 9,000 आरपीएमला (क्रँकचे मिनिटाला फेरे) प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 75 वेळा उघडतो. आरपीएम दुप्पट झाले की व्हॉल्व्ह कॅमच्या मागोमाग आणायला चौपट जोर लागतो. तो कमी पडला तर व्हॉल्व्ह कॅमपासून सुटून तरंगतो आणि पिस्टनवर आदळू शकतो. स्प्रिंग कडक करावी, तर तारेवरचा ताण वाढतो. त्यातही वेटोळ्याच्या आतल्या कडेला तो जास्तच. ए. एम. वाल यांनी 1929 मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे, वेटोळ्याचा व्यास तारेच्या सहापट असेल तर तिथला ताण साध्या हिशेबापेक्षा सुमारे 25 टक्के अधिक भरतो. याहून घातक म्हणजे स्प्रिंगची स्वतःची कंपनं. कॅमच्या धक्क्यांशी ती जुळली की वेटोळ्यांतून लाट धावते आणि हिशेबात न धरलेला ताण तारेला सोसावा लागतो.

यातून सुटायच्या वाटा अनेकांनी शोधल्या. नॉर्टन मँक्स मोटरसायकलींवर आणि 1950च्या दशकातल्या फेरारींवर केसाच्या पिनेच्या आकाराच्या स्प्रिंगा होत्या. मर्सिडीझने 1954च्या डब्ल्यू 196 मध्ये व्हॉल्व्ह मिटवायलाही कॅमच लावला, शर्यतपटू फान्जिओ त्याच गाडीवर जिंकला. डुकाटीत फाबिओ तालिओनी यांनी 1956 पासून हीच पद्धत रुजवली. 1986 मध्ये रेनॉच्या फॉर्म्युला वन इंजिनात जाँ-पिएर बूदी यांनी स्प्रिंगच्या जागी दाबाखालचा वायू आणला. वायूला ना वेटोळी, ना तडे. पुढे 2006 मध्ये कॉसवर्थ या कंपनीचं फॉर्म्युला वन इंजिन 20,000 आरपीएमपर्यंत पोचलं.

पण माझ्या मते खरं मोठं काम पोलादी तारेवरच झालं, आणि त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही. तारेवर बारीक छर्ऱ्यांचा मारा केला की पृष्ठभाग दबलेल्या अवस्थेत राहतो आणि तडा सहज उघडत नाही. जनरल मोटर्सच्या जे. ओ. आल्मेन यांनी हा मारा मोजायची पट्टी दिली, ती आजही वापरात आहे. क्रोम-सिलिकॉन पोलाद आलं आणि ते अधिकाधिक स्वच्छ ओतलं जाऊ लागलं.

अमेरिकेतल्या नॅसकार मोटार शर्यतींच्या पुशरॉड (कॅमचा धक्का सळईने व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या) व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनांची भिस्त याच तारेवर राहिली. 500 मैलांची शर्यत साडेतीन तास चालली आणि सरासरी 8,000 आरपीएम धरले, तर एका व्हॉल्व्हची स्प्रिंग सुमारे 8 लाख 40 हजार वेळा दबते. असे व्हॉल्व्ह 16. त्यातल्या एकाची स्प्रिंग तुटली, तरी गाडी बहुधा पिटमध्येच, म्हणजे दुरुस्तीच्या जागी परतते.