नाग आणि ‘कोब्रा’ हे नाव

नाग : फणा काढणारा विषारी साप. शास्त्रीय नाव नाजा नाजा, कुल इलॅपिडी. मण्यारही याच कुलातली. पूर्ण वाढलेला नाग साधारण एक ते दीड मीटर भरतो. रंग गव्हाळ, तपकिरी किंवा काळा असतो. काळ्या नागाला ‘डोम्या’ म्हणतात. मानेतल्या लांब बरगड्या फाकल्या की कातडी ताणली जाते आणि फणा उभा राहतो. एरवी मान बाकीच्या अंगासारखीच दिसते, म्हणून फणा मिटलेला नाग आणि बिनविषारी धामण यांत माणसांची गल्लत होते आणि धामण हकनाक मारली जाते.

जगभर चालणारे ‘कोब्रा’ हे नाव इंग्रजी वाटते, पण ते पोर्तुगीज आहे आणि त्या भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘साप’; विषारी की बिनविषारी, फण्याचा की बिनफण्याचा, हे त्यातून कळत नाही. भारताच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगिजांनी नागाला ‘कोब्रा द कापेलो’ म्हटले. कापेलो म्हणजे डोक्यावरून मानेमागे उतरणारे वस्त्र. आपल्याकडे तान्ह्या बाळाला घालतात त्या कुंचीची आठवण यावी असे. कुंची घातलेला साप! गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता याच्या तिथेच १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात हा साप याच नावाने येतो. इंग्रजांनी आधी सगळे नाव उचलले, मग बोलताबोलता शेपूट तोडले. नेमकी कुंची गळून पडली आणि ज्या सापाची ओळखच फणा, त्याच्या वाट्याला ‘साप’ एवढेच नाव उरले.

‘कोब्रा’चे मूळ लॅटिन ‘कोलुब्रा’मध्ये आहे. त्याच मुळावरून कोल्युब्रिडी या कुलाचे नाव पडले, आणि धामण नेमकी त्या कुलातली. म्हणजे शब्दाच्या नात्याने पाहिले तर ‘कोब्रा’ नागापेक्षा धामणीला जवळचा. सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये नागाला ‘कोल्युबर नाजा’ म्हटले. यातला ‘नाजा’ हे आपल्या ‘नाग’ शब्दाचेच लॅटिन वळण. पुढे १७६८ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लॉरेन्टीने नाजा ही स्वतंत्र प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, केली. नागराज किंवा किंग कोब्रा मात्र तिच्यात बसत नाही. त्याची प्रजाती ओफिओफॅगस, म्हणजे सापखाऊ.

फण्याच्या मागच्या बाजूवरची खूण ज्याने त्याने आपापल्या डोळ्यांनी वाचली आहे. इंग्रजांना तो चष्मा वाटला. मराठी माणसाला तिथे दहाचा आकडा दिसतो, कथेकऱ्याला कालियाच्या माथ्यावर उमटलेली कृष्णाची पावले. बंगालीत या नागाला ‘गोखरो’ म्हणतात, त्यात गाईचा खूर आहे. काही नागांच्या फण्यावर खूण अगदी पुसट असते किंवा मुळीच नसते, तेव्हा केवळ आकडा शोधून ओळख पटवणे धोक्याचे.

विष मुख्यतः मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात तिथे काम करते : पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, शेवटी श्वास थांबतो. घोड्यांच्या रक्तापासून बनवलेली प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरही चालते. ती दवाखान्यातच मिळते, मांत्रिकाकडे नाही. पुंगीवर नाग डोलतो हेही खरे नव्हे. त्याला बाहेरचे कान नसतात, तो गारुड्याच्या हालत्या पुंगीवर नजर ठेवून असतो. संस्कृतात सापाला ‘चक्षुःश्रवा’, डोळ्यांनी ऐकणारा, असे नाव आहे ते म्हणूनच गमतीचे वाटते.

मराठीत फण्याला ‘फडी’ही म्हणतात, चपट्या, रुंद पेरांच्या निवडुंगाला फड्या निवडुंग म्हणतात तो याच आकारावरून. खेड्यात मात्र रात्री नागाचे नावच घेत नाहीत. ‘जनावर’ निघाले, ‘लांबडं’ दिसले, असे बोलतात. आणि कुणाला चावलेच, तर म्हणतात, पान लागलं.